सशाचा रक्तक्षय व पोटाचे विकार : कारणांचा शोध

पांढऱ्या सशाचा कान उजेडाकडे धरला की त्यातील रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट दिसते. निरोगी सशाच्या कानाची आतली बाजू गुलाबी असते. आमच्या वसतिगृहामागील खुराड्यात पाळलेल्या चार सशांपैकी एका सशिणीचा कान एका पावसाळ्यात कागदासारखा पांढरा पडला. ही गोष्ट प्रथम आम्हा शिक्षकांच्या लक्षात आली नाही. तिला रोज चारा घालणाऱ्या इयत्ता सहावीतील विद्यार्थ्याच्या लक्षात आली. त्याने ती आम्हांस सांगितली. "अशक्तपणा असेल" असे म्हणून आम्ही औषधपेटीतील लोहाचे टॉनिक तिला पाजावयास सांगितले आणि आमच्या कामास लागलो. चार दिवसांत तिने खाणे सोडले. लेंड्या आधी बारीक झाल्या, मग पातळ झाल्या. पाचव्या दिवशी ती मरण पावली.

त्यानंतर जे घडले ते अधिक क्लेशदायक होते. "त्याच्या हाताला यश नाही," "त्याचीच दृष्ट लागली," अशी कुजबुज मुलांत सुरू झाली. उरलेल्या तीन सशांना त्याने हात लावू नये, असे मुलांनी आपसांतच ठरविले. ज्या प्रांगणात दररोज त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, त्या प्रांगणात एका मुलाच्या हाताचा स्पर्श अशुभ ठरावा, ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली. स्पर्शाला दोष देण्याची रीत काय असते आणि ती कोठवर जाते, हे आमच्या मागील पिढ्यांनी भोगले आहे. केवळ रागावून ही कुजबुज थांबली असती, पण तिचे मूळ गेले नसते. म्हणून त्या सशिणीच्या मृत्यूचे कारण शोधावयाचे आम्ही ठरविले. आम्ही इतिहासाचे शिक्षक, पशुवैद्यक नव्हे. तथापि पशुवैद्यकांनी समजावून दिलेले आणि आम्ही पुढे वाचून ताडून पाहिलेले असे जे हाती आले, ते येथे मांडीत आहोत.

ससा : शेतातला आणि घरातला

प्रारंभी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. अनसिंगच्या शिवारात तुरीच्या ओळींतून उडी मारून पळतो तो रानससा. त्याची पिले अंगावर केस असलेली व उघड्या डोळ्यांची जन्मतात. शशजातकात बोधिसत्त्वाने ज्या सशाचे रूप घेतले, तोही असाच रानातला ससा. या रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा होय. आपण पाळतो तो ससा निराळ्या जातीचा आहे. त्याचे मूळ स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचे. तो बिळात राहणारा, आणि त्याची पिले उघडी व मिटल्या डोळ्यांची जन्मतात. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. पाळीव सशाची शरीररचना थंड, कोरड्या, गवताळ प्रदेशाला साजेशी आहे. आपल्या वाशिम जिल्ह्यातील वैशाखाचा उन्हाळा आणि श्रावणातील ओल ही दोन्ही त्याला जड जातात.

सशाचे पोट कसे चालते

सशाचे पोट समजल्याशिवाय त्याचा आजार समजत नाही. ससा ओकू शकत नाही. जे पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात. चरबट गवत सतत चावत राहिल्यानेच ते झिजतात. त्याच्या पचनसंस्थेतील सर्वांत मोठा भाग म्हणजे आंधळे आतडे. तेथे कोट्यवधी उपकारक जिवाणू चाऱ्याला आंबवितात आणि त्यातून प्रथिने व ब गटातील जीवनसत्त्वे तयार करतात. हा ऐवज मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंडीच्या रूपाने बाहेर पडतो आणि ससा तो थेट तोंडाने घेऊन पुन्हा खातो. मुले ते पाहून नाक मुरडतात व त्याला हाकलतात. वस्तुतः ते त्याचे दुसरे जेवण असते, ते बंद पडले तर त्याचे पोषण खुंटते. खुराड्यात आपण पाहतो त्या गोल, कोरड्या लेंड्या निराळ्या.

हा सारा कारभार चालतो तो चाऱ्यातील काष्ठमय तंतूंच्या जोरावर. म्हणून सशाच्या आहाराचा बहुतांश भाग वाळलेले गवत असावा लागतो. पोळीचे तुकडे, भात, बिस्किटे, मक्याचे दाणे असे पिठूळ अन्न वाढले आणि गवत कमी झाले, की आतड्यांची हालचाल मंदावते. आत वायू धरतो, दुखते, म्हणून ससा खात नाही. आणि खात नाही म्हणून हालचाल अधिकच मंदावते. हे चक्र एकदा सुरू झाले की ससा झपाट्याने खालावतो. बारा तास ससा खाल्ला नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे, असा नियम त्यासाठीच सांगितला जातो. वाढलेले वाकडे दात, तीव्र उष्मा, पाण्याचा तुटवडा, भीती आणि शरीरात अन्यत्र चाललेले दुखणे, यांपैकी कशानेही हे चक्र सुरू होऊ शकते.

आणखी एक कारण माणसाच्या हातून घडते. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांसारखी माणसांची प्रतिजैविके सशाला तोंडावाटे दिली, तर आंधळ्या आतड्यातील उपकारक जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि हगवण लागून ससा मरतो. ज्या गोळीने मुलाचा घसा बरा होतो, त्याच गोळीने सशाचा जीव जाऊ शकतो.

रक्तक्षय हे रोगाचे नाव नव्हे

दवाखान्यात ज्याला अ‍ॅनिमिया म्हणतात तो रक्तक्षय म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींची वा त्यांतील हिमोग्लोबिनची उणीव. हिरड्या, पापण्यांची आतली बाजू व कान फिके पडणे, मलूल होणे, श्वास जलद चालणे ही त्याची लक्षणे. सशाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ५५ ते ६५ मिलिलिटर रक्त असते. दोन किलोच्या सशाचे सारे रक्त एका लहान पेल्यात मावेल. त्यामुळे आपणांस किरकोळ वाटणारी हानी त्याला मोठी असते.

आमची पहिली चूक येथेच झाली. रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता, असे आम्ही गृहीत धरले. चारा खाणाऱ्या सशात निव्वळ लोहाच्या अभावाने रक्तक्षय होणे विरळा. रक्त कमी होण्याचे तीन मार्ग आहेत. ते शरीराबाहेर जाते, ते आतल्या आत नष्ट होते, किंवा ते पुरेसे तयारच होत नाही. टॉनिकची बाटली उघडण्यापूर्वी यांपैकी कोणता मार्ग खुला आहे, हे विचारावयास हवे होते.

रक्त जाण्याची कारणे अनेक. पिसवा व गोचिडी लहान पिलाला अक्षरशः शोषून टाकतात. उंदीर मारण्याच्या काही औषधांनी रक्त गोठण्याची शक्ती जाते व शरीरात आतून रक्तस्राव होतो. धान्यकोठीजवळ खुराडे असेल तर हा धोका असतोच. वय वाढलेल्या माद्यांत, विशेषतः चार वर्षांनंतर, गर्भाशयाचा कर्करोग वारंवार आढळतो व त्यातून रक्त जात राहते. मात्र सशाचे मूत्र काही चाऱ्यांतील रंगद्रव्यांमुळेही तांबूस दिसते, म्हणून तांबडे दिसले ते रक्तच असे मानू नये, तपासून घ्यावे. रक्त तयार न होण्यामागे मूत्रपिंडाचा जुनाट विकार, यकृताचा विकार, दीर्घकाळचा जंतुसंसर्ग वा उपासमार असू शकते.

खुराड्याभोवती सापडलेल्या गोष्टी

सशीण मेली त्याच दिवशी आम्ही तिचे शव आणि उरलेल्या सशांच्या लेंड्या घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरांनी शवविच्छेदन केले, लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः येऊन खुराडे पाहून गेले. रक्तक्षय आणि पोटाचा विकार ही दोन्ही लक्षणे एकत्र उत्पन्न करू शकतील अशा गोष्टी त्यांनी एकेक करून आमच्यापुढे ठेवल्या. त्या सर्व आमच्याच व्यवस्थेतल्या होत्या.

पहिली गोष्ट, सरकीची ढेप. आमच्या भागात ढेप गाईम्हशींना सर्रास घालतात, म्हणून सशांनाही मूठभर घातली जात असे. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. रवंथ करणारी मोठी जनावरे ते बऱ्याच अंशी पचवितात. ससा रवंथ करीत नाही. गॉसिपॉल शरीरातील लोहाला बांधून ठेवते, भूक मारते आणि रक्तक्षय घडविते. कच्च्या सोयाबीनचेही तसेच. त्यातील एक द्रव्य प्रथिनांच्या पचनात अडथळा आणते, भाजल्यावर वा उकडल्यावरच ते निष्प्रभ होते. जी पिके आपल्या जिल्ह्याच्या शेतीचा कणा आहेत, ती सशाला थेट घालण्याजोगी नाहीत.

दुसरी गोष्ट, स्वयंपाकघरातील उष्टे-खरकटे. त्यात कांद्याची पात व साली असत. कांदा-लसणातील द्रव्ये अनेक प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. रक्त शरीराबाहेर न जाता आतल्या आत नष्ट होते ते असे.

तिसरी गोष्ट, भिजून बुरशी आलेला शेंगदाण्याचा चुरा. भुईमूग व मका यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. ते यकृताची नासाडी करते, भूक घालविते आणि रक्त गोठण्याची क्रियाही बिघडविते. ससा या विषाला विशेष नाजूक आहे.

चौथी गोष्ट आमच्या स्वप्नातही नव्हती. खुराड्याचे दार म्हणून आम्ही एक जुनी रंगवलेली खिडकी बसविली होती. तिच्या रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि कडेवर दातांच्या खुणा होत्या. जुन्या तैलरंगांत शिसे असे. शिसे पोटात गेले की तांबड्या पेशी घडण्याचे काम अडते आणि आतड्यांची हालचालही थंडावते. रक्तक्षय व मंदावलेले पोट ही जोडी दिसली की पशुवैद्यक पिंजऱ्याचा रंग पाहतात तो याचसाठी.

पाचवी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. लेंड्यांत कॉक्सिडिया नामक परजीवीचे गोल कोष मोठ्या संख्येने होते. कोंबड्या पाळणारे शेतकरी या कुळातील रोगाला रक्ती हगवण म्हणून ओळखतात. कोंबडीचा परजीवी सशाला होत नाही, सशाचे परजीवी निराळे. त्यांतील काही आतड्यांच्या अस्तरात वाढतात व हगवण लावतात, एक जात यकृतातील पित्तनलिकांत घर करते. मृत सशिणीचे यकृत सुजलेले होते आणि त्यावर पांढऱ्या-पिवळसर गाठी होत्या. डॉक्टरांनी मृत्यूचे मुख्य कारण हेच ठरविले. जिवंतपणी रक्ततपासणी झाली नसल्याने तिच्या फिकेपणात ढेपेचा वा रंगाचा वाटा किती, हे आता सांगता येणार नाही, असेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. म्हणून पाचही गोष्टी दूर करावयाच्या ठरल्या.

मग हा परजीवी आला कोठून व बळावला कसा? त्याचे कोष लेंडीतून बाहेर पडतात तेव्हा ते लगेच बाधा करू शकत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की दोन-तीन दिवसांत ते पक्व होतात व मग चाऱ्या-पाण्याबरोबर दुसऱ्या सशाच्या पोटात जातात. रोजच्या रोज लेंड्या काढल्या तर ते पक्व होण्यापूर्वीच बाहेर जातात. आमच्या खुराड्याची साफसफाई दर रविवारी होत असे. हे वेळापत्रक आम्हीच लावले होते. म्हणजे पावसाळ्याच्या ओलीत आम्ही त्या परजीवीला दर आठवड्यास सहा दिवसांची मोकळीक दिली होती. त्या विद्यार्थ्याच्या हाताचा यात काडीमात्र दोष नव्हता. उलट कान फिका पडल्याची सूचना वेळीच देणारा तोच एक होता, आणि तिचा अर्थ लावण्यात आम्ही कमी पडलो. परिपाठाच्या वेळी सर्व मुलांसमोर आम्ही हे सांगितले.

काय पाहावे, काय करावे

ससे पाळणाऱ्या कुटुंबांनी व शाळांनी पुढील गोष्टी पाळाव्यात, असे आम्ही अनुभवाने सांगतो. वाळलेले गवत अष्टौप्रहर पुढे असावे. हिरवा चारा धुऊन, निथळून, थोडा सुकवून द्यावा. आहारात बदल करावयाचा तर तो आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत ठेवावा, म्हणजे तो लेंड्यांत माखत नाही. खुराड्याचा तळ जाळीचा किंवा रोज झाडता येईल असा कोरडा असावा. उन्हाळ्यात सावली, ओले पोते व पुरेसे पाणी यांची सोय करावी. पिलांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण दूध तुटण्याच्या सुमारास कॉक्सिडियाची बाधा सर्वाधिक घातक असते. नवा ससा आणला तर काही आठवडे वेगळा ठेवावा. रोज हिरडी, कान, वजन आणि लेंडी पाहावी. लेंडीचा आकार लहान झाला, ती मऊ वा पातळ झाली, किंवा नाहीशी झाली, तर तीच पहिली वार्ता समजावी. औषध मात्र मनाने देऊ नये. लेंडीची तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकते. अधिक तपासणीसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्याला जवळची आहे.

शुश्रूषेचा धडा

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वहस्ते धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि मग भिक्खुसंघाला रुग्णसेवेचे महत्त्व समजाविले. चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगताना त्यांनी हितकर काय व अहितकर काय हे ओळखण्याची क्षमता सांगितली, तसाच मलमूत्र उचलण्याची किळस नसणे हाही गुण सांगितला. या देशात घाण उचलण्याचे काम जन्मावरून काही माणसांवर लादले गेले आणि ते करणाऱ्यालाच घाण ठरविले गेले. महावग्गातील हा प्रसंग त्याच्या नेमके उलट सांगतो. जो मळाकडे डोळे उघडे ठेवून पाहतो, त्यालाच रोगाचे कारण सापडते. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. त्या दयेला ज्ञानाची जोड नसेल तर ती टॉनिकच्या बाटलीपाशी थांबते, हे आम्ही आमच्या चुकीतून शिकलो.

हीच गोष्ट आमच्या मुलामुलींनाही लागू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. फिकट चेहऱ्याचे मूल पाहिले की आपण "खात नाही" असे म्हणून मोकळे होतो. त्याच्या आतड्यात रक्त शोषणारा अंकुशकृमी असू शकतो. तोही अस्वच्छ, ओल्या जमिनीतून अनवाणी पायांवाटे शिरतो. किंवा त्याला सिकलसेल असू शकतो. विदर्भातील अनुसूचित जाती व जमातींत हा आनुवंशिक विकार आढळतो. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची जेमतेम १० ते २० दिवस. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा रोग होतो. एकाकडूनच आले तर मूल वाहक असते, आणि अशा वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणून ज्या प्रदेशांत हिवताप फार, तेथे हे जनुक टिकून राहिले. त्यात कोणत्याही जातीची खोट नाही आणि कोणाचे पाप नाही. परंतु रक्ततपासणी न करता अशा मुलाला केवळ लोहाच्या गोळ्या देत राहणे म्हणजे आम्ही सशिणीबाबत केली तीच चूक माणसाबाबत करणे होय. तपासणीची सोय शासकीय आरोग्य केंद्रांतून उपलब्ध आहे, पालकांनी संकोच न करता तिचा लाभ घ्यावा.

उरलेले तीन ससे डॉक्टरांच्या औषधोपचाराने वाचले. खिडकीच्या जागी साधी जाळी बसली, ढेप बंद झाली, आणि खुराडे रोज सकाळी झाडले जाऊ लागले. झाडण्याच्या पाळीत मुख्याध्यापकांपासून इयत्ता पाचवीपर्यंत सर्वांची नावे वर्णानुक्रमे आहेत. लेंड्यांची नोंद ठेवण्याची वही मात्र आम्ही त्याच विद्यार्थ्याकडे सोपविली. दररोजची तारीख, प्रत्येक सशाचे वजन, कानाचा रंग आणि लेंडीचे स्वरूप त्यात त्याने लिहून ठेवले आहे. ती वही विज्ञानकक्षात आहे. या स्मरणिकेच्या वाचकांनी विद्यालयास भेट द्याल तेव्हा ती अवश्य चाळावी.